अण्णाचं विकतचं दुखणं

अण्णा,

तुझ्या तेराव्याच्या पंगतीत, पायसम वाढून व्हायच्या आत, सगळ्या नातेवाइकांनी मिळून तुझ्या बोटीला खुनी ठरवलं. एक म्हणाला, या वयात इंजिनाच्या खोलीत वाकायचं म्हणजे काय खेळ आहे? दुसरा म्हणाला, खाऱ्या वाऱ्यानं छाती जाते. तिसऱ्यानं तर तुला मधेच सोडून बोटीच्या ग्रहांवर घसरायला सुरुवात केली. तू गेलास राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत, सकाळी, खुर्चीत, हातात कॉफीचा टंबलर धरून. बोट त्या वेळी नागपट्टिणमच्या धक्क्याला ऐंशी किलोमीटरवर बांधलेली होती. तिथून तिनं तुला कसं मारलं, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

मी मैथिलीकडे बघत होते. चेन्नईहून आल्यापासून तुझी लेक सगळ्यांशी नीट बोलत होती, भटजींना काय हवं नको ते बघत होती, आणि रडत नव्हती. हात धुताना ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली की धक्क्याच्या मालकाला जागा मोकळी करून हवी आहे, पुढच्या शनिवारी भंगारवाला येईल, तिनं शब्द दिलाय. मग पदराला हात पुसत तिनं विचारलं, "आत्या, तूं अप्पांना अडिवलीस कां नाहीं?"

त्याचं उत्तर तिथं देता आलं नाही. ते तुलाही द्यायला हवं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

अडवायचं तर कुठे अडवायचं होतं, तेच बघू. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना डिझेल इंजिन शिकवून तू निवृत्त झालास, आणि वर्षभरात वहिनी गेली. त्यानंतर तू भिंतीसारखा बसलास. पेपर उघडायचास, पान उलटायचं विसरायचास. मी तिरुवैयारुहून दर रविवारी यायचे, सार-भात करायचे, तू जेवायचास आणि "बरं अहे" म्हणायचास. सार खारट झालं तरी "बरं अहे". वर्षभर एवढंच. मग एक दिवस माझ्या गाण्याच्या वर्गात, मुली सरळी वरिसा, सुरांचे पहिले पलटे, म्हणत असताना, तू दारात उभा. बसनं आलेला, नेसलेली वेष्टी मळलेली, पण डोळे जागे. म्हणालास, "चल. तुझा कान पाह्जे."

तुतिकोरिनला गेल्यावर कळलं कान कशाला हवा होता. एका शिपिंग एजंटानं परदेशी पाहुण्यांना मासे पकडायला नेण्यासाठी ती बोट कधीकाळी आणली होती. चौतीस फुटी, दोन डिझेल इंजिनं, वर छोटा मजला, मागच्या डेकला बोल्ट केलेली फिरती खुर्ची. मोठा मासा ओढताना माणूस समुद्रात जाऊ नये म्हणून ती खुर्ची. धंदा बसला आणि बोट सहा वर्षं ताडपत्रीखाली पडली. तू माझ्या हातात लाकडी हातोडी दिलीस आणि सांगितलंस, टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा, जिथं आवाज बदलेल तिथं खडूनं खूण कर. फायबरचे थर आतून सुटले असतील तर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं म्हणे.

चार तास मी ती बोट ठोकली, अण्णा. आयुष्यभर मुलींना "सूर खाली जातोय" म्हणून रागावणारी बाई, ताडपत्रीखाली घामानं निथळत, टण टण टण. बोट सगळीकडे नीट बोलत होती. मागच्या बाजूला, डावीकडे खाली, आवाज बद्द झाला. मी चारी बाजूंनी ठोकून पाहिलं आणि सांगितलं, इथं पोकळ आहे, घेऊ नकोस.

"कितकं?"

"हातभर."

"हातभर मात्र? मग हातभर नीट करूं."

आणि तू हसलास. वर्षभरानंतर पहिल्यांदा. सगळे म्हणतात ना, अडवायला हवं होतं? हीच ती वेळ होती. माझ्या तोंडात "आ बैल मला मार" आलेलं होतं, ते मी गिळलं. तुझं ते हसू ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी मला अक्कल शिकवू नये.

पापनाशमच्या जमिनीतला तुझा वाटा विकलास तेव्हा गल्लीत काय काहूर माजलं. भाताची जमीन विकून लोखंड आणि फायबर घेतलं, आणि तेही चाळीस वर्षं जुनं! शेजारच्या काकूंनी तिचं नाव तुझी दुसरी बायको ठेवलं. सगळ्यात मोठा मुद्दा मात्र माशांचा होता. ज्या घरात अंडं येत नाही, त्या घरच्या माणसानं मासेमारीची बोट घ्यावी? चुलत्यांनी तुला बोलावून समज दिली. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि पुढच्या शुक्रवारी, बोट आणून बांधली होतीस त्या नागपट्टिणमची बस धरलीस. पालथ्या घड्यावर पाणी.

ते भांडण मीही तुझ्याशी केलं, आणि ते अजून मिटलेलं नाही. तू गळ टाकायचास, तास तास झगडून मासा बोटीपाशी आणायचास, त्याच्याकडे बघायचास, गळ काढायचास आणि सोडून द्यायचास. मी म्हणायचे, खायचा नाही तर त्या मुक्या जिवाचा तोंडफाड छळ कशाला? तू म्हणायचास, "तूं गाणं म्हणतेस तें काय खायाला?" मी म्हणायचे की माझ्या गाण्यानं कोणाच्या जबड्यात आकडा अडकत नाही. तू म्हणायचास, तुझ्या विद्यार्थिनींना विचार. मला आजही वाटतं की माझंच खरं होतं. तू गेलास म्हणून मी माघार घेणार नाही.

पण तू मासे पकडायला जात नव्हतास, हे मला फार लवकर कळलं होतं. तू दुरुस्त करायला जात होतास. वीस दिवस दुरुस्ती आणि एक दिवस समुद्र, हा तुझा हिशेब होता, आणि त्या वीस दिवसांतच तुझा जीव होता. पहिलं वर्ष ती हातभर जागा कापून, वाळवून, नवे थर चढवण्यात गेलं. मग डिझेलच्या टाकीतलं पाणी. मग तळाला चिकटलेल्या कालवांची खरवड. मग तळाशी बोट ढकलणाऱ्या पंख्याजवळचे ते जस्ताचे ठोकळे. खारं पाणी धातू खातं, म्हणून त्याच्या तोंडी आधी जस्त द्यायचं, म्हणजे पंखा वाचतो, असं तू मला समजावलंस. दर चार महिन्यांनी झिजलेला ठोकळा काढून तू माझ्या हातावर ठेवायचास. वाळलेल्या आल्यासारखा दिसायचा. "यानं काम केलं," म्हणायचास, आणि नवा बसवायचास.

आणि दोन इंजिनं जुळवायचं काम माझं. दोन्ही एका वेगानं फिरत नसली की त्यांच्या आवाजात लाट येते, वँव, वँव, वँव. तुझ्या कानाला ती कळायची नाही, मला दातांत कळायची. मी वरच्या मजल्यावर डोळे मिटून बसायचे आणि ओरडायचे, डावं थोडं वर, अजून, बास. लाट लांबत लांबत नाहीशी व्हायची आणि दोन इंजिनांचा एक आवाज व्हायचा. चाळीस वर्षं तंबोरे जुळवले, पण तेवढं सुख नाही मिळालं. हे तुला सांगितलं नाही कधी. तू शेफारला असतास.

आता जे सांगायचंय ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीची आयुधपूजा. उजव्या इंजिनाचे इंजेक्टर दुरुस्तीला तिरुचीला गेलेले होते, तरी विजयादशमीला नव्या कामाची सुरुवात करायचीच म्हणून तू एकट्या डाव्या इंजिनावर बाहेर जायचा हट्ट धरलास. आदल्या दिवशी मी दोन्ही इंजिनांना चंदन-कुंकू लावलं होतं, मोगऱ्याचे हार घातले होते, तुळस वाहिली होती. दसऱ्याला सकाळी ते उतरवले. आपल्याकडे निर्माल्य कोणी केरात टाकत नाही, पाण्यात सोडतात. आई कावेरीत सोडायची, मी कावेरीत सोडते. मी धक्क्याला बांधलेल्या बोटीच्या कडेवरून, हात जोडून, सगळं निर्माल्य पाण्यात सोडलं. इंजिन चालू होतं. समुद्राचं पाणी आत ओढून इंजिन थंड करायचं भोक बरोबर त्या कडेखालीच आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला त्या क्षणी आठवलं नाही.

समुद्रात तासभर गेल्यावर भोंगा वाजला. इंजिन तापलं होतं. तू ते बंद केलंस, नांगर टाकलास आणि खाली उतरलास. पाण्याच्या वाटेवर जाळीचं भांडं असतं, ते उघडून बघ म्हणून मला सांगितलंस आणि तू स्वतः पंपाशी भिडलास. मी झाकण काढलं. भांडं मोगऱ्यानं गच्च भरलेलं होतं. तू पाठमोरा होतास. मी मूठ मूठ भरून ती फुलं काढली, वर नेली आणि समुद्रात टाकली. तू खालून विचारलंस, "जाळी कशी अहे?"

मी म्हटलं, "स्वच्छ अहे."

पाण्याविना फिरून पंपातली रबराची चकती जळून गेली होती. तू ती हातात धरून बघत राहिलास. नवी चकती होती तुझ्याकडे, पण आधीची आणखी एक हंगाम चालेल म्हणून तूच ती राहू दिली होतीस. त्या भट्टीत दोन तास वाकून, मनगट भाजून घेऊन तू नवी बसवलीस. धक्क्याला लागल्यावर म्हणालास, "माझी चूक. आज तुला बुडिवलं असतं. माझा हात आतां राहिला नाही."

मी तिथं बोलायला हवं होतं. नाही बोलले. लाज वाटली म्हणून नाही, अण्णा. तसं असतं तर एवढं जड गेलं नसतं. मी घाबरले होते, आणि मला वाटलं, बरं झालं, आता हा बोट सोडेल. तू बोट सोडली नाहीस. तू स्वतःवरचा भरवसा सोडलास. प्रत्येक नट तीनदा बघायला लागलास, मला वर्षभर समुद्रावर नेलं नाहीस. मैथिलीनं विचारलं ना, अडवलं का नाही? एकदा अडवलं मी. खोटं बोलून. त्याची शरम मला मरेपर्यंत पुरेल. तू रागाव. रागवायला तू नाहीस, याचाच मला राग येतोय.

तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी वर्ग बंद ठेवला आणि नागपट्टिणमला गेले. सेल्वम वाट बघत होता. तुझा जुना विद्यार्थी, आता अर्ध्या बंदराची इंजिनं तोच दुरुस्त करतो. त्यानं नदीच्या पलीकडच्या काठावर आपल्या मेव्हण्याच्या धक्क्यावर जागा बघून ठेवली होती. पण बोट तिथवर स्वतःच्या पायानं गेली पाहिजे, ओढून न्यायला कोणी तयार नव्हतं. तो तुझी वही घेऊन बसला होता. आपल्यातल्या बहुतेकांसारखी तूही मराठी तमिळ अक्षरांत लिहायचास. सेल्वम ती खडाखडा वाचत होता आणि त्याला अर्थ लागत नव्हता. पुण्याहून कोणी आणला असता तर त्याला अर्थ लागला असता, पण अक्षर वाचता आलं नसतं. मी वाचून तमिळमध्ये सांगायचे, तो करायचा. कुठला नट उलट्या आट्यांचा आहे, कुठल्या नळीत हवा अडते, थंड इंजिन सुरू करताना लिव्हर किती पुढे ठेवायचं, सगळं तू लिहून ठेवलं होतंस.

शेवटचं पान मी त्याला वाचून दाखवलं नाही. "उजव्याच्या हेडमधून पाणी येतें. उघडावं लागेल. इतकं बळ माझ्या हातांत नाही. राहूं दे." त्याखाली काही नाही.

सहा दिवस आम्ही राबलो. डिझेलमधलं पाणी काढलं, फिल्टर बदलले, नळ्यांतली हवा काढली. माझ्या नखांतलं काळं अजून गेलेलं नाही, मुली तालाच्या हाताकडे बघून हसतात. शुक्रवारी डावं इंजिन खोकलं, पांढरा धूर ओकलं आणि लागलं. उजवं नाही लागलं. सेल्वम म्हणाला, "एक पुरे, अम्मा." मी म्हटलं, उद्यापुरतं पुरे.

शनिवारी सकाळी मैथिली गाडीनं आली. मागून भंगारवाल्याचा टेम्पो, गॅस कटर, चार माणसं. मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. मोगरा, जाळी, "स्वच्छ अहे", सगळं. ती म्हणाली की दोन वर्षं तू तिला फोनवर तेच सांगत होतास, की माझे हात गेले. तिला वाटलं, बोट तुला पोखरतेय. म्हणून तिला ती तुकडे तुकडे झालेली बघायची होती.

मी म्हटलं, "बोटीनं कांही केलं नाही. जें केलं तें मी केलं. बोटीनं त्याला बारा वर्षं जगिवलं."

"पोदुम, आत्या," ती म्हणाली. पुरे. आणि गाडीत जाऊन बसली, काच वर करून.

तिनं क्षमा केली की नाही याची वाट बघत मी उभी राहिले असते, तर तेवढ्यात कटर पेटला असता. मी बोटीवर चढले. आधी जाळी उघडून पाहिली, सेल्वमनंही पाहिली. मग डावं इंजिन सुरू केलं आणि दोर सोडायला सांगितलं. भंगारवाला ओरडत धक्क्यावर धावत आला. कायद्यानं ती बोट मैथिलीची, शब्द दिलेला भंगारवाल्याला, आणि मी सदुसष्ट वर्षांची, पोहता न येणारी गाण्याची मास्तरीण, भर दिवसा ती पळवून नेत होते. एका इंजिनावर बोट सारखी उजवीकडे ओढत होती. मी चाक डावीकडे धरून ठेवलं, दंड भरून आले, सोडलं नाही. पलीकडचा धक्का समोर होता, पण मी बोट आधी नदीच्या तोंडापर्यंत नेली, जिथं नदीचं पाणी संपतं आणि लाट लागते. तिथं वळवली. मी मोठ्यानं रडत होते, आणि इंजिनापुढे ते कोणाला ऐकू येत नव्हतं, म्हणून मनसोक्त रडले.

वळल्यावर फोन वाजला. मैथिली. मी कानाला लावला आणि शिव्या खायची तयारी केली. ती म्हणाली, "इंजिन तापतें कीं काय बघ, आत्या."

मी म्हटलं, "बघते अहे. थंड अहे."

"टेम्पो मी पाठवून दिला," ती म्हणाली आणि फोन ठेवला. परवा तिचा निरोप आला, दिवाळीनंतर चार दिवसांची रजा टाकतेय, अंगावर घालायला जुने कपडे आणते.

तर अण्णा, सोमवारी आम्ही उजव्या इंजिनाचं हेड उतरवतोय. तू लिहून ठेवलंयस, राहूं दे. नाही राहू देणार. तुझे हात शेवटपर्यंत शाबूत होते, हे आता मला आणि तुझ्या लेकीला, दोघींनाही माहीत आहे. तुला यावर काय म्हणायचं असेल ते म्हण. मी ऐकणार नाही.